हरिकेनच्या मोसमाआधी घर आणि विमा: अमेरिकेतील मराठी घरमालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातावर हरिकेनचा मोसम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. त्यातही मध्य-ऑगस्ट ते मध्य-ऑक्टोबर हे दिवस सर्वांत धोक्याचे असतात. घरमालकाने मात्र या तारखांपेक्षा वेगळ्या दोन तारखा डोळ्यांसमोर ठेवायला हव्यात. पहिली म्हणजे एप्रिलची अखेर, कारण सरकारी पूरविमा घेतल्यावर तो लागू व्हायला सहसा ३० दिवस लागतात. दुसरी म्हणजे एखादे वादळ किनाऱ्याकडे सरकू लागल्यावर विमा कंपन्या नवी पॉलिसी देणे किंवा चालू पॉलिसीतील रक्कम वाढवणे थांबवतात तो दिवस, आणि तो कधी येईल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. प्लायवूड शेवटच्या आठवड्यातही मिळू शकते, विमा मिळत नाही. म्हणून या लेखात कागदपत्रांचे काम आधी घेतले आहे आणि हातोडी-स्क्रूचे नंतर.

वारा आणि पाणी यांचे विमे वेगळे

घरमालकाची नेहमीची पॉलिसी वाऱ्याने झालेले नुकसान सहसा भरून देते. पुराचे देत नाही. वादळाच्या जोराने समुद्राचे पाणी जमिनीवर चढते, त्या स्टॉर्म सर्जलाही विम्याच्या व्याख्येत पूरच मानतात. वाऱ्याने छपराचे शिंगल्स उडून त्या भगदाडातून पाऊस आत आला तर तो वाऱ्याचा क्लेम होतो, आणि तेवढेच पाणी जमिनीवरून वाहत दाराच्या फटीतून आत शिरले तर पुराचा. एकाच रात्री, एकाच खोलीत हे दोन्ही घडू शकते. कोणते नुकसान कशामुळे झाले याचा वाद तिथूनच सुरू होतो. २००५ साली कॅटरिना हरिकेननंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर अनेक घरांची फक्त पायाची काँक्रीटची लादी उरली होती. घर आधी वाऱ्याने मोडले की पाण्याने वाहून नेले हे दाखवायला भिंतच शिल्लक नव्हती, आणि त्यावरचे खटले कितीतरी काळ चालले. अनेक पॉलिसींमध्ये असेही कलम असते की, संरक्षण असलेले आणि नसलेले अशी दोन्ही कारणे मिळून एखादे नुकसान झाले तर ते अजिबात भरून दिले जाणार नाही. असे कलम आपल्या पॉलिसीत आहे का, हे एजंटला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे.

किनाऱ्यालगतच्या काही भागांत तर वाऱ्याचे संरक्षणसुद्धा नेहमीच्या पॉलिसीतून वगळलेले असते. टेक्सासच्या १४ किनारी काउंटींत आणि हॅरिस काउंटीच्या काही भागात खासगी कंपन्या वाऱ्याचा विमा देत नसतील, तर तो टेक्सास विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशनकडून वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी घराचे बांधकाम वाऱ्याच्या नियमांनुसार असल्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. फ्लोरिडात कोणी विमा देत नसेल तर सिटिझन्स प्रॉपर्टी इन्शुरन्स ही सरकारस्थापित संस्था शेवटचा पर्याय म्हणून आहे. ह्यूस्टनच्या उपनगरातील घरासाठी जे खरे, ते गॅल्व्हेस्टनच्या घराला लागू होईलच असे नाही. त्यामुळे मित्राच्या पॉलिसीवरून आपल्या पॉलिसीचा अंदाज बांधू नये.

डिक्लरेशन पेज कसे वाचावे

पूर्ण पॉलिसी वाचायला बसणारे फार थोडे. पण पॉलिसीच्या सुरुवातीची दोन-तीन पाने, ज्यांना डिक्लरेशन पेज म्हणतात, ती दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी पेन्सिल घेऊन वाचावीत. त्यावर साधारणपणे कव्हरेज ए म्हणजे मूळ इमारत, बी म्हणजे शेड, कुंपण अशी वेगळी बांधकामे, सी म्हणजे घरातील सामान आणि डी म्हणजे घर राहण्यायोग्य नसेल तेव्हाचा राहण्याचा जादा खर्च, अशा रकमा असतात.

कव्हरेज ए ची रक्कम आणि घराची बाजारभावाने किंमत यांचा थेट संबंध नसतो. जमिनीची किंमत यात धरायची नसते. तेच घर आजच्या मजुरीने आणि साहित्याच्या दराने नव्याने बांधायला किती लागेल, एवढाच प्रश्न असतो. घर घेतल्यावर स्वयंपाकघर नव्याने केले असेल किंवा एखादी खोली वाढवली असेल, तर ते कंपनीला कळवले आहे का हे पाहावे. त्याच पानावर इमारत आणि सामान यांच्यापुढे भरपाई नव्याच्या किमतीने आहे की घसारा वजा करून, हे लिहिलेले असते. विशेषतः छपराबाबत ही ओळ शोधावी. जुन्या छपराची भरपाई त्याच्या वयानुसार घटत जाईल असे जोडपत्र अनेक कंपन्या हळूच लावतात. मग पंधरा-सोळा वर्षांच्या छपराचे नुकसान होते तेव्हा मिळणाऱ्या रकमेत नव्या छपराचा निम्मा खर्चही निघत नाही.

यानंतर हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीने पैसे देण्याआधी आपण स्वतः सोसायची रक्कम. बहुतेकांचा गोंधळ याच ठिकाणी होतो. इतर नुकसानीसाठी हजार किंवा अडीच हजार डॉलरचे ठरीव डिडक्टिबल असते. हरिकेनसाठी ते बहुधा टक्क्यांत असते, आणि हे टक्के नुकसानीचे नसून कव्हरेज ए च्या रकमेचे असतात. समजा घराचे कव्हरेज ४ लाख डॉलर आहे आणि डिडक्टिबल २ टक्के आहे, तर पहिले ८,००० डॉलर आपल्या खिशातून जातात. ५ टक्के असेल तर २०,००० डॉलर. छपराच्या दुरुस्तीचा खर्च १८,००० आला तर दुसऱ्या प्रकरणात विम्याचा एक पैसाही मिळत नाही. प्रीमियम कमी करण्यासाठी डिडक्टिबल वाढवण्यात गैर काहीच नाही. फक्त तेवढी रक्कम बचत खात्यात वेगळी पडून असली पाहिजे. ती नसेल तर वाचवलेला प्रीमियम ही बचत मानू नये.

हे डिडक्टिबल कधी लागू होते हे प्रत्येक राज्यात वेगळे ठरते. फ्लोरिडात नॅशनल हरिकेन सेंटरने राज्याच्या कोणत्याही भागासाठी हरिकेनची वॉच (सावधगिरीची सूचना) किंवा वॉर्निंग (इशारा) दिल्यापासून ती उठल्यानंतर ७२ तासांपर्यंतच्या, हरिकेनमुळे झालेल्या वाऱ्याच्या नुकसानीला ते लागते. २०१२ साली सँडी न्यू जर्सीच्या किनाऱ्याला धडकले तेव्हा तांत्रिकदृष्ट्या ते हरिकेन उरले नव्हते, आणि न्यू यॉर्क, न्यू जर्सीसारख्या राज्यांनी कंपन्यांना हरिकेन डिडक्टिबल लावता येणार नाही असे बजावले. फ्लोरिडातील आणखी एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते: हे डिडक्टिबल एका कॅलेंडर वर्षात, एकाच कंपनीकडे, एकदाच पूर्ण भरायचे असते. त्यामुळे ऑगस्टमधील वादळात डिडक्टिबलपेक्षा कमी नुकसान झाले तरी ते कंपनीला कळवावे आणि दुरुस्तीच्या पावत्या जपाव्यात. ऑक्टोबरमध्ये दुसरे वादळ आलेच तर तो खर्च डिडक्टिबलमध्ये मोजला जाऊ शकतो.

याच पानांवर आणखी दोन ओळी शोधाव्यात. एक ऑर्डिनन्स ऑर लॉ नावाचे कव्हरेज. जुने घर दुरुस्त करताना आजच्या बांधकाम नियमांप्रमाणे जो जादा खर्च करावा लागतो तो यातून मिळतो, आणि घर वीस वर्षांहून जुने असेल तर माझ्या मते हे कव्हरेज सोडू नये. दुसरी ओळ वगळलेल्या गोष्टींची. फ्लोरिडात पोहण्याच्या तलावावरचा किंवा मागच्या ओसरीचा जाळीचा पिंजरा अनेक पॉलिसींमध्ये संरक्षणाबाहेर असतो, आणि वाऱ्यात पहिला बळी बहुधा त्याचाच जातो.

काँडोत राहणाऱ्यांनी असोसिएशनच्या मास्टर पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. भिंतीच्या आतले नक्की काय असोसिएशनचे आणि काय आपले, हे पाहूनच स्वतःच्या एचओ-६ (काँडोमालकाच्या) पॉलिसीची रक्कम ठरवावी. असोसिएशनच्या डिडक्टिबलचा वाटा सभासदांकडून वसूल होतो, त्यासाठी लॉस असेसमेंट कव्हरेज लागते. भाड्याने राहणाऱ्यांना घरमालकाचा विमा आपल्या सामानासाठी उपयोगी पडत नाही. त्यांची पॉलिसी वेगळी आणि स्वस्त असते.

पुराचा विमा

फेमा या केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या पूरनकाशात ए किंवा व्ही या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्षेत्रात घर असेल आणि कर्ज केंद्र सरकारच्या नियमनाखालील बँकेचे असेल, तर पूरविमा सक्तीचा असतो. त्याबाहेरच्या, कमी धोक्याच्या एक्स क्षेत्रात तो ऐच्छिक असतो, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. नकाशावरची रेषा कर्जाचा नियम ठरवण्यासाठी आहे. पाण्याला ती माहीत नसते. २०१७ साली हार्वी टेक्सासवर रेंगाळले आणि पूर्व टेक्सासमध्ये एका ठिकाणी ६० इंचांहून अधिक पाऊस झाला. ह्यूस्टन परिसरात बुडालेल्या घरांपैकी पुष्कळशी सक्तीच्या क्षेत्राबाहेर होती आणि त्यांच्याकडे पूरविमा नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आले, पण सर्वांत भीषण पूर आले ते समुद्रापासून शेकडो मैल दूर, उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांत. सक्तीच्या क्षेत्रातील घराला दर वर्षी पुराची शक्यता किमान १ टक्का धरतात. ऐकायला ती किरकोळ वाटते, पण ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती सुमारे २६ टक्क्यांवर जाते.

राष्ट्रीय पूरविमा योजना, म्हणजे एनएफआयपी, एका कुटुंबाच्या घराला इमारतीसाठी कमाल २,५०,००० आणि सामानासाठी कमाल १,००,००० डॉलरचे संरक्षण देते. इमारत आणि सामान यांची रक्कम वेगवेगळी घ्यावी लागते आणि डिडक्टिबलही वेगवेगळे असते. बँकेने सक्ती केली म्हणून घेतलेल्या अनेक पॉलिसी फक्त इमारतीच्याच असतात, कारण बँकेला आपल्या सोफ्याशी काही देणेघेणे नसते. सामानाची भरपाई नेहमी घसारा वजा करूनच मिळते. तळघरातील बहुतेक वस्तूंना आणि सजावटीला संरक्षण नसते. घर सोडून हॉटेलात राहावे लागले तर तो खर्च ही योजना देत नाही. घर बांधण्याचा खर्च अडीच लाखांहून बराच जास्त असेल तर वरच्या रकमेसाठी एक्सेस फ्लड पॉलिसी किंवा सरळ खासगी पूरविमा पाहावा. खासगी पॉलिसीत प्रतीक्षा अनेकदा कमी दिवसांची असते आणि राहण्याचा खर्चही मिळू शकतो. मात्र ती कंपनी पुढच्या वर्षी नूतनीकरण नाकारू शकते, ही बाजूही तोलून पाहावी.

३० दिवसांच्या प्रतीक्षेला मोजके अपवाद आहेत. त्यांतला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे घराच्या कर्जव्यवहारासोबत घेतलेली पॉलिसी, जी व्यवहाराच्या दिवसापासूनच लागू होऊ शकते. शिवाय ही योजना चालू ठेवण्यासाठी काँग्रेसला वेळोवेळी मुदतवाढ द्यावी लागते, आणि ती रखडली की नव्या पॉलिसी निघत नाहीत. टाळाटाळ न करण्याचे हेही एक कारण.

व्हिसावर राहणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोठ्या आपत्तीनंतर फेमा जी रोख मदत देते ती नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसारख्या ठरावीक गटांनाच मिळते. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्ती तिला स्वतः पात्र ठरत नाहीत. घरात अमेरिकेचे नागरिक असलेले अल्पवयीन मूल राहत असेल तर त्याच्या वतीने पालकांना अर्ज करता येतो. तशीही ही मदत तातडीच्या गरजेपुरती असते, घर पुन्हा उभे करण्यासाठी नसते. त्यामुळे सरकार काहीतरी देईलच, या भरवशावर पूरविमा टाळणे कोणालाच परवडणारे नाही, आणि व्हिसाधारकाला तर मुळीच नाही.

गाड्यांचा विचारही याच वेळी करावा. बुडालेल्या गाडीची भरपाई घराच्या किंवा पुराच्या पॉलिसीतून मिळत नाही. ती गाडीच्या विम्यातील कॉम्प्रिहेन्सिव्ह भागातून मिळते.

घर वरून खाली तपासावे

आता घराकडे. हरिकेनमध्ये घर मोडते ते बहुधा एका क्रमाने: एखादे उघडे तोंड सापडून वारा आत शिरतो, आतला दाब छपराला खालून वर ढकलतो, त्याच वेळी बाहेरून वाहणारा वारा छपराला वर ओढत असतो, आणि दोन्ही मिळून छप्पर सुटते. १९९२ च्या अँड्र्यूने दक्षिण फ्लोरिडात हे मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले, आणि त्यातून धडा घेऊन २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली. त्यामुळे फ्लोरिडातील घर कोणत्या साली बांधले आहे, हा विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो.

एखाद्या थंड सकाळी टॉर्च घेऊन ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोटमाळ्यावर, चढावे. छपराचे लाकडी ट्रस, म्हणजे छप्पर पेलणारे सांगाडे, भिंतीच्या माथ्यावर जिथे टेकतात, तिथे कडेला वाकून पाहावे. फक्त तिरपे ठोकलेले खिळे दिसत असतील तर तो सर्वांत दुबळा जोड. ट्रसच्या एका बाजूला खिळ्यांनी बसवलेला धातूचा छोटा तुकडा असेल तर ती क्लिप. आणि धातूची पट्टी ट्रसवरून पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूलाही ठोकलेली असेल तर तो स्ट्रॅप, म्हणजे अधिक भक्कम जोड. प्रत्येक जोडाजवळ फूटपट्टी धरून फोटो काढून ठेवावा. फ्लोरिडात परवानाधारक निरीक्षकाकडून हीच माहिती विहित फॉर्मवर भरून घेतली की कंपनीला प्रीमियममध्ये सवलत द्यावी लागते. निरीक्षणाला जो खर्च येतो तो पुष्कळदा पहिल्याच वर्षी भरून निघतो. माय सेफ फ्लोरिडा होम या योजनेतून निरीक्षण मोफत होते आणि पात्र घरमालकाला सुधारणांसाठी कमाल १०,००० डॉलरचे अनुदान मिळू शकते. अलाबामा आणि लुईझियानातही छपरासाठी तितक्याच कमाल रकमेच्या योजना आहेत. या सर्व योजना त्या वर्षीच्या तरतुदीवर चालतात आणि निधी लवकर संपतो, म्हणून अर्जाची खिडकी उघडल्याबरोबर अर्ज करावा. मंजुरीआधी काम सुरू केल्यास अनुदान हातचे जाते.

छप्पर बदलायची वेळ आलीच असेल तर ठेकेदाराशी शिंगल्सच्या रंगापेक्षा खालच्या थराबद्दल बोलावे. फळ्यांना चक्राकार आटे असलेले रिंग-शँक खिळे जवळजवळ ठोकणे, फळ्यांमधल्या सांध्यांवर चिकट पट्टी लावून ते बंद करणे आणि छपराच्या कडा घट्ट करणे, ही फोर्टिफाइड नावाच्या मानकाची मुख्य अंगे आहेत. वरचे शिंगल्स उडाले तरी सांधे बंद असल्याने पाणी सहसा आत येत नाही, आणि घराचे बरेचसे नुकसान तिथेच टळते. छप्पर नव्याने करतानाच हे केले तर जादा खर्च तुलनेने थोडा येतो. नंतर करायचे म्हटले तर पुन्हा सगळे उचकटावे लागते.

पैसे मर्यादित असतील तर छपरानंतर खिडक्यांच्याही आधी गराजच्या दाराकडे पाहावे, असे मी सुचवेन. दोन गाड्यांचे रुंद, पातळ पत्र्याचे दार हे घरातले सर्वांत मोठे तोंड असते. दाराच्या आतल्या बाजूला वाऱ्याच्या दाबाची क्षमता लिहिलेले लेबल असते. ते नसेल तर दार बहुधा त्या दर्जाचे नाही. नवे दार शक्य नसेल तर उभे आधार बसवण्याचे संच मिळतात.

खिडक्यांसाठी तीन मार्ग आहेत: आघात सोसणारी काच, कायमचे शटर, किंवा प्लायवूड. प्लायवूड निदान पाच-अष्टमांश इंच जाडीचे घ्यावे, मे महिन्यातच मापाने कापावे, प्रत्येक तुकड्यावर खिडकीचे नाव लिहावे आणि भिंतीत आधीच अँकर बसवून ठेवावेत, म्हणजे ऐन वेळी फक्त स्क्रू फिरवायचे राहतील. काचेवर टेपची फुली मारल्याने काच वाचत नाही, उलट मोठे धारदार तुकडे होण्याची भीती असते. दाब समतोल राहावा म्हणून एखादी खिडकी किलकिली ठेवावी, हा समजही चुकीचा आणि धोकादायक आहे.

झाडांची छाटणी मे-जूनमध्ये उरकावी. वादळाच्या आदल्या दिवशी फांद्या तोडून रस्त्याकडेला ढीग घालणाऱ्यांना हे लक्षात येत नाही की तोवर कचरा उचलणारे ट्रक थांबलेले असतात, आणि मग तोच ढीग शेजाऱ्याच्या काचेवर जाऊन आदळतो.

सामानाची नोंद

फोन हातात घेऊन घरभर फिरावे, प्रत्येक कपाट आणि खण उघडून व्हिडिओ काढावा, महागड्या यंत्रांच्या मॉडेल क्रमांकावर थांबावे, आणि बोलत बोलत खरेदीचे साल सांगावे. घराबाहेरून चारही बाजूंचे आणि छपराचे फोटो तारखेसह ठेवावेत. नुकसान आधीपासूनचे होते हा आक्षेप त्यांनीच खोडता येतो. सोन्याच्या दागिन्यांना साध्या पॉलिसीत चोरीसाठी हजार-दीड हजार डॉलरच्या आसपासची मर्यादा असते, आणि पूरविम्यात दागिने, कलावस्तू वगैरे सर्व मिळून २,५०० डॉलर. मराठी घरात ही रक्कम एका मंगळसूत्रापाशीच संपते, म्हणून दागिन्यांची वेगळी नोंदणी करावी किंवा ते बँकेच्या लॉकरात ठेवावेत. सगळी नोंद क्लाउडवर ठेवावी आणि भारतातील एखाद्या जवळच्या नातेवाइकालाही तिचा दुवा द्यावा.

गणपती ते दिवाळी या काळात अनेक कुटुंबे भारतात जातात, आणि नेमका तोच हरिकेनचा भर असतो. घर बंद राहणार असेल तर शटर लावणार कोण, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, एजंटचा क्रमांक काय, हे शेजाऱ्याला लेखी देऊन जावे. घर सलग ६० दिवस रिकामे असल्यास काही प्रकारच्या नुकसानीचे संरक्षण थांबते, असे कलम अनेक पॉलिसींत असते. तेही विचारून घ्यावे.

वादळाचे नाव ऐकू आल्यावर

वादळी वारे ४८ तासांत येण्याची शक्यता असेल तेव्हा हरिकेन वॉच आणि सुमारे ३६ तासांत ते अपेक्षित असतील तेव्हा वॉर्निंग दिली जाते. वॉच मिळाल्यावर घराचे काम सुरू करावे. वॉर्निंगनंतर ते संपलेले असावे. टीव्हीवर दिसणारा शंकू हा फक्त वादळाच्या केंद्राच्या संभाव्य मार्गाचा असतो, आणि केंद्र त्याबाहेर जाण्याची शक्यताही सुमारे एक-तृतीयांश असते. वारा, पाऊस आणि सर्ज शंकूच्या कितीतरी बाहेर पोहोचतात. २०२२ मध्ये इयान टँपाकडे जाणार असे आधी वाटत होते, ते दक्षिणेकडे वळून फोर्ट मायर्सच्या किनाऱ्याजवळ धडकले.

एका गफलतीबद्दल सावध करतो. फ्लोरिडात घर सोडण्याच्या क्षेत्रांनाही ए, बी, सी अशी अक्षरे आहेत आणि फेमाच्या पूरनकाशालाही. या दोन्हींचा परस्पर संबंध नाही. पूरनकाशात एक्स असलेले घर स्थलांतराच्या ए क्षेत्रात, म्हणजे सर्वांत आधी बाहेर पडायच्या भागात, असू शकते. दोन्ही अक्षरे आजच काउंटीच्या संकेतस्थळावर पाहून फ्रिजवर चिकटवावीत.

शेवटच्या दोन दिवसांत अंगणातल्या खुर्च्या, कुंड्या, झोके आत घ्यावेत. पोहण्याचा तलाव रिकामा करू नये, कारण भिजलेली जमीन तो खालून उचलू शकते. पाणी शिरण्याची शक्यता असेल तर मुख्य ब्रेकर बंद करून निघावे. इलेक्ट्रिक गाडी खाऱ्या पाण्याच्या आवाक्याबाहेर न्यावी, कारण अशा पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते; गराजमध्ये ठेवलेली गाडी मग घरही घेऊन जाते. जनरेटर घरापासून निदान २० फूट दूर, बाहेर आणि खिडक्यांपासून लांब चालवावा. रेतीच्या पिशव्या, पंप आणि मजुरी यांच्या पावत्या जपाव्यात: एनएफआयपी अशा बचावाच्या खर्चापोटी कमाल १,००० डॉलर आणि सामान सुरक्षित हलवण्यापोटी आणखी कमाल १,००० डॉलर देते, आणि बहुतेक जण ते मागतच नाहीत.

नुकसान झाल्यानंतर

अधिकाऱ्यांनी परवानगी दिल्यावरच परतावे, आणि काही हलवण्याआधी फोटो काढावेत. भिंतीवर पाण्याची रेषा उमटलेली असेल तर तिच्याशेजारी मोजपट्टी उभी धरून, आकडा वाचता येईल असा एक जवळचा आणि खोली ओळखता येईल असा एक लांबचा, असे दोन फोटो प्रत्येक खोलीत घ्यावेत. रेषेच्या वर छताकडून ओघळ आले असतील तर त्यांचे वेगळे फोटो घ्यावेत. वारा आणि पाणी यांच्या वादात हे फोटो निर्णायक ठरतात. दोन पॉलिसी असतील तर क्लेमही दोन, आणि दोन्ही त्याच दिवशी नोंदवावेत.

पुढचे नुकसान थांबवणे ही आपली जबाबदारी असते: छपरावर ताडपत्री घालावी, ओले गालिचे आणि भिंतीचा भिजलेला भाग काढावा, कारण बुरशी एक-दोन दिवसांत धरते. काढलेल्या प्रत्येक गालिच्याचा आणि पडद्याचा एक तुकडा पिशवीत घालून खोलीचे नाव लिहून ठेवावा. कायमची दुरुस्ती मात्र ॲडजस्टर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा, पाहून जाईपर्यंत करू नये. दारावर येऊन सगळे विम्यातून करून देतो म्हणणाऱ्या ठेकेदाराच्या कागदावर सही करू नये. आधी राज्याच्या संकेतस्थळावर त्याचा परवाना तपासावा. क्लेमचे हक्क ठेकेदाराच्या नावे करून देण्याची पद्धत फ्लोरिडाने २०२३ पासून निघालेल्या पॉलिसींसाठी बंदच केली आहे. स्वतःच्या बाजूने पब्लिक ॲडजस्टर नेमता येतो, पण तो भरपाईतून टक्केवारी घेतो. नुकसान लहान आणि सरळ असेल तर त्याची गरज नसते.

इमारतीच्या भरपाईचा धनादेश बहुधा आपल्या आणि कर्ज देणाऱ्या बँकेच्या संयुक्त नावाने येतो. मोठी रक्कम असेल तर बँक ती काम पुढे सरकेल तशी हप्त्यांनी सोडते, म्हणून ठेकेदाराशी करार करण्याआधीच बँकेच्या संबंधित विभागाशी बोलावे. पूरक्षेत्रातील घराच्या दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर गेला तर घर सध्याच्या पूरनियमांत बसवावे लागते, म्हणजे अनेकदा उंच उचलावे लागते. त्यासाठी एनएफआयपी पॉलिसीतून कमाल ३०,००० डॉलरची जादा तरतूद मागता येते, अर्थात अडीच लाखांच्या एकूण मर्यादेत राहूनच.

मुदतींची नोंद कॅलेंडरमध्ये करावी. पुराच्या क्लेमचे सहीनिशी प्रूफ ऑफ लॉस, म्हणजे नुकसानीचे लेखी निवेदन, नुकसानीपासून ६० दिवसांत द्यावे लागते. मोठ्या आपत्तीत फेमा ही मुदत अनेकदा वाढवते, पण वाढवल्याचे पत्रक पाहिल्याशिवाय ते गृहीत धरू नये. फ्लोरिडात घराच्या पॉलिसीखालचा नवा क्लेम एका वर्षात आणि राहून गेलेल्या नुकसानीचा पूरक क्लेम १८ महिन्यांत नोंदवावा लागतो. पूरविमा कंपनीने क्लेम पूर्ण किंवा अंशतः नाकारला तर त्या लेखी पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत फेमाकडे अपील करता येते, आणि एका वर्षात केंद्रीय न्यायालयात दावा लावता येतो. अपील चालू असले तरी हे वर्ष थांबत नाही, त्यामुळे ते नकारपत्र पाकिटासकट जपून ठेवावे आणि नवव्या महिन्यापर्यंत निकाल आला नाही तर वकिलाला भेटावे.